'एकदा बसून पाहा' यापुढचं उत्तर

विपश्यना परंपरेतील सर्व आचार्य आणि सहायक आचार्य यांस,



विपश्यनेवर कुणी शंका घेतली की तिला काय उत्तर मिळणार हे आता मला आधीच ठाऊक असतं. 'तुम्ही शिबिर केलंय का? नाही? मग आधी दहा दिवस बसा, मग बोलू.' शंका घेणाऱ्याने शिबिर केलेलं असेल तर दुसरं उत्तर तयार असतं: 'तुमची साधना सूचनांप्रमाणे झाली नसणार.' या दोन उत्तरांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला बोलायला जागाच उरत नाही. बसला नाही म्हणून त्याला अधिकार नाही, आणि बसून काही वेगळं अनुभवलं तर तो अनुभव मोजायचा नाही. मी जुनी साधिका आहे. सकाळ-संध्याकाळ बसते, आणि या साधनेने जे दिलं त्याची जाण मला आहे. ही उत्तरं माझ्याच माणसांच्या तोंडून ऐकून मी अस्वस्थ होते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तुमच्या कामाबद्दलचा आदर आधीच सांगून ठेवते. १९६९च्या जुलैत गोयंका गुरुजींनी मुंबईतल्या एका धर्मशाळेत भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. १९७६पासून इगतपुरीला धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. १९९४च्या एप्रिलमध्ये तिहार तुरुंगातले हजारावर कैदी एकत्र शिबिराला बसले. या साऱ्या वाटचालीत शिकवण्याची फी कधी घेतली गेली नाही. आज आलेल्या साधकाचं जेवणखाण आणि राहणं काल येऊन गेलेल्याच्या दानातून चालतं. तुम्ही मानधन घेत नाही, धम्मसेवक भांडी घासतात, पोळ्या लाटतात आणि निघताना स्वतःच दान देऊन जातात. ध्यानाचा एवढा बाजार भरलेला असताना हे टिकवून धरणं सोपं नाही. ज्या परंपरेजवळ इतकं निर्मळ काही आहे, तिने प्रश्न आला की अंग का चोरावं, हे मला कळत नाही.

'येऊन पाहा' हे धम्माचं जुनं आवाहन आहे आणि ते मला मनापासून मान्य आहे. पहिल्या साडेतीन दिवसांत नाकपुड्यांखालच्या एवढ्याशा जागेवर लक्ष धरताना मनाची जी ओढाताण होते, ती पुस्तक वाचून कळणार नाही. अधिष्ठानात तासभर न हलता बसलं की गुडघ्यातून कळ उठते, आता सहन होणार नाही असं वाटतं, आणि पाहता पाहता ती विरते. हे ज्याचं त्यानेच पाहायचं. पण विपश्यनेविषयीचे सगळेच प्रश्न या जातीचे नाहीत, आणि इथेच आपली गल्लत होते.

ही विद्या भारतातून लोपली आणि ब्रह्मदेशातल्या आचार्यांनी ती दोन हजार वर्षं जशीच्या तशी जपली, असं आपण संध्याकाळच्या प्रवचनांत ऐकतो. हा इतिहासाविषयीचा दावा आहे. तो खरा की खोटा हे शून्यागारात डोळे मिटून कसं कळावं? त्यासाठी कागदपत्रं पाहावी लागतात, आणि ती पाहणाऱ्यांना वेगळं काही दिसलं आहे. एरिक ब्राउन या अभ्यासकाचं 'द बर्थ ऑफ इनसाइट' हे पुस्तक २०१३ मध्ये आलं. आपल्या परंपरेतले लेडी सयाडो (१८४६–१९२३) त्याच्या केंद्रस्थानी आहेत. १८८५ साली इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केलं. तोच थिबा, ज्याच्यासाठी रत्नागिरीत राजवाडा बांधला गेला. राजा गेला तसा धम्माचा राजाश्रयही गेला. आता बुद्धाची शिकवण टिकायची कशी, या काळजीतून लेडी सयाडोंनी अभिधम्माचा अभ्यास आणि ध्यान विहाराबाहेर काढून सामान्य गृहस्थांच्या हाती दिलं. गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यानाला बसणं ही गोष्ट त्या काळातून पुढे वाढत आली. मग परंपरेत सया थेटजी आले, ते भातशेती करणारे. त्यांच्यामागून ऊ बा खिन, जे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. त्यांच्यामागून मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, आपले गुरुजी. साम्राज्याने देश गिळला तेव्हा एका भिक्खूने धम्म शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या, व्यापाऱ्याच्या घरात नेऊन ठेवला, ही हकिगत मला दोन हजार वर्षांच्या अखंड साखळीपेक्षा जास्त अभिमानाची वाटते. ती सांगितल्याने आपलं काय कमी होणार आहे?

बरं, वाद फक्त न बसणाऱ्यांचेच असतात असंही नाही. १९५०च्या दशकात ब्रह्मदेशातल्या महासी सयाडोंची पद्धत श्रीलंकेत पोचली. पोटाचं वर येणं आणि खाली जाणं पाहायचं, जे जे घडेल त्याची मनात नोंद करायची, अशी ती पद्धत. कोलंबोच्या वजिरारामातल्या सोम, कस्सप, खेमिंद या विद्वान स्थविरांनी तिला कडाडून विरोध केला. सुत्तांमध्ये पोट कुठे आहे, आधी समाधी बळकट केल्याशिवाय विपश्यना कशी, असे त्यांचे आक्षेप होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा वाद 'वर्ल्ड बुद्धिझम' या नियतकालिकातून पुन्हा पेटला. पुढे ब्रह्मदेशातच पा औक सयाडोंनी ध्यानाच्या खोल अवस्थांवर भर देत आणखी तिसरा मार्ग शिकवला. आपण शरीरावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत पाहत जातो, तो चौथा. हे सगळे एकाच सतिपट्ठान सुत्ताचा आधार देतात आणि सगळ्यांच्या मागे प्रत्यक्ष साधनेची दीर्घ वर्षं आहेत. यांच्यातलं कोण बरोबर हे 'बसून पाहा' म्हणून ठरत नाही, कारण बसलेले सगळेच आहेत. ज्याला जिथे गुण आला, तिथेच त्याचा विश्वास दृढ झाला. हे माणसाचं साहजिक वळण आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते आपलंही वळण आहे हे तुम्ही साधकांसमोर मान्य करावं, एवढंच म्हणणं.

आता ज्या प्रश्नासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं, त्याकडे येते.

ध्यानाने काही जणांना त्रास होतो. थोडी बेचैनी, रडू येणं हे मी धरत नाही. मी बोलते आहे ते महिनोन्महिने न सुटणारी भीती, झोप उडणं, आपण आपल्या शरीरात नाहीच असं वाटत राहणं, आणि क्वचित मन पूर्ण ढासळणं याविषयी. २०१७ मध्ये जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी पाश्चात्त्य देशांतल्या साधकांच्या आणि ध्यानशिक्षकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन अशा अनुभवांचे ५९ प्रकार नोंदले. २०२० मध्ये फरियास आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यास एकत्र तपासले. ध्यान करणाऱ्यांपैकी सरासरी ८.३ टक्के लोकांना काहीतरी अनिष्ट परिणाम जाणवला, असं त्यांना दिसलं, आणि त्यांत चिंता आणि नैराश्य सर्वांत पुढे होतं. या सरासरीच्या पोटात दोन फार वेगळे आकडे आहेत. प्रयोग म्हणून केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण ३.७ टक्के निघालं, आणि निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत ३३.२ टक्के.

या दोन आकड्यांवर वाद कसा उभा राहतो ते पाहा. समर्थक ३.७ उचलतो, विरोधक ३३.२ उचलतो, आणि दोघेही तो ढालीसारखा पुढे धरतात. इतका मोठा फरक का पडला हे विचारायला कुणी थांबत नाही. प्रयोगांत बहुधा निवडून घेतलेली माणसं असतात, दिवसाचा थोडा वेळ ध्यान असतं, आणि त्रास झाला का हे पुष्कळदा नेमकेपणाने विचारलेलंच नसतं. विचारलं नाही तर सापडत नाही. आपल्या केंद्रांवर नेमकं हेच होत असेल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

कारण आपल्याकडे त्रास सांगणाऱ्याला एक ठरलेलं उत्तर मिळतं: 'जुने संस्कार वर येताहेत, समता ठेवा.' बहुतेक वेळा हे उत्तर उपयोगी पडतं. दुपारी बारा ते एकच्या भेटीत रडवेला होऊन आलेल्या साधकाला याच दोन वाक्यांनी धीर येतो, हे मी जाणते. पण बारकाईने पाहिलं तर या उत्तराला चूक ठरण्याची सोयच नाही. बरं वाटलं तर साधना फळली, वाईट वाटलं तरी साधना फळते आहे. शिबिर सोडून गेला तर संस्कार प्रबळ होते. मग साधना एखाद्याला मानवलीच नाही, हे कळायचा मार्ग कोणता? पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, नव्या साधकाला संध्याकाळी पाचला फळ-चहा आणि पुढे काही नाही, नऊ दिवस मौन, दिवसाला दहा तासांहून अधिक बैठक. ज्याला उन्माद-नैराश्याचा आजार आहे त्याला निव्वळ झोप कमी झाल्यानेही झटका येऊ शकतो, हे कुठलाही मनोविकारतज्ज्ञ सांगेल. तिथे पूर्वसंस्कारांचं स्पष्टीकरण देत बसलं तर वेळ हातचा जातो. अर्जात मानसिक आजाराची माहिती तुम्ही विचारता, गंभीर आजार असलेल्यांना येऊ नका म्हणता, हे मला माहीत आहे आणि ते योग्यच आहे. पण आजार लपवणारे असतात, आणि आपल्याला आजार आहे हे शिबिरापूर्वी ठाऊकच नसणारेही असतात.

२०२४ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने गोयंका परंपरेच्या शिबिरांनंतर कोसळलेल्या साधकांवर ध्वनिमालिका केली. ती ऐकलेल्या जुन्या साधकांशी मी बोलले. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया, ही बदनामी आहे, अशी होती. त्या माणसांचं पुढे काय झालं, असं विचारणारे थोडे. मेत्तेने मंगल कामना करणारी आपण माणसं, दुखावलेल्या माणसाचा आवाज आला की आधी संस्थेच्या बाजूने उभी राहतो. या एका गोष्टीने मला जितकं दुःख झालं तितकं कुठल्या टीकाकाराने दिलेलं नाही.

आणि हे सारं आपल्याच ग्रंथांना पारखं आहे. संयुत्तनिकायात आणि विनयपिटकात आलेला वैशालीचा प्रसंग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. महावनातल्या कूटागारशाळेत भगवंतांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेवर ध्यान करायला सांगितलं आणि स्वतः अर्धा महिना एकांतात गेले. त्या पंधरवड्यात भिक्खूंना आपल्या देहाची इतकी किळस आली की कित्येकांनी प्राण दिले. भगवंत बाहेर आले तेव्हा संघ विरळ दिसला. त्यांनी आनंदाला कारण विचारलं. आनंदाने काही झाकलं नाही, घडलं ते सांगितलं आणि दुसरी एखादी पद्धत सांगण्याची विनंती केली. भगवंतांनी वैशालीत होते तेवढे सगळे भिक्खू एकत्र बोलावले आणि त्यांना आनापान शिकवलं. आज प्रत्येक शिबिर ज्या श्वासापासून सुरू होतं, तो श्वास या प्रसंगात अपघातानंतरचा उपाय म्हणून येतो.

शतकांनंतर अट्ठकथा लिहिल्या गेल्या. त्यांनी या प्रसंगाचं कारण असं दिलं की ते भिक्खू पूर्वजन्मी व्याध होते, त्या कर्माचं फळ त्यांना भोगावंच लागणार होतं. मूळ ग्रंथात शास्ता विचारतो, ऐकतो आणि शिकवणीची दिशा बदलतो. अट्ठकथेत दोष मेलेल्यांच्या जुन्या खात्यावर जातो. आचार्यहो, भेटीला आलेल्या साधकाला आपण जे सांगतो ते या दोहोंपैकी कशाच्या जवळ जातं, हे तुम्हीच पाहा. ज्या संघाने ही घटना गाळून न टाकता पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून जपली, त्याचं धैर्य आपल्याला का नसावं?

दीघनिकायातलं अगदी पहिलं सुत्त, ब्रह्मजाल, तेही याच विषयाने उघडतं. राजगृहाहून नालंदेकडे जाताना सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्धाची, धम्माची, संघाची निंदा करत चालला होता. भिक्खूंमध्ये त्याची चर्चा झाली. भगवंतांच्या सांगण्याचा आशय असा, की निंदेने तुम्ही चिडलात तर समोरचा बरोबर बोलतो की चूक हे तुम्हाला समजेल तरी का? आधी समजून घ्या, आणि जे चूक असेल ते चूक का आहे ते शांतपणे सांगा. स्तुती ऐकून हुरळण्याविषयीही त्यांनी तसंच बजावलं.

महाराष्ट्रात या साऱ्याला आणखी एक पदर आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी धम्म स्वीकारला, त्यांच्यातल्या अनेकांचा विपश्यनेवर आक्षेप आहे, आणि तो मनोविकाराचा नसून दुःखाच्या मुळाचा आहे. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यं, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी रोखठोक प्रश्न उभे केले. सिद्धार्थाचं गृहत्याग-कारण त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात न शोधता शाक्य-कोलीयांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणात शोधलं. पाण्यासाठी महाडला ज्यांना मार खावा लागला त्यांना ही मांडणी किती आतून भिडली असेल! अशा घरातला मुलगा शिबिरात बसून दुःखाचं मूळ स्वतःच्या तृष्णेत आणि संस्कारांत आहे असं ऐकतो, तेव्हा त्याच्या मनात गावकुसाबाहेरचं घर उभं राहतं. ते दुःख कुणाच्या तृष्णेचं होतं, असं तो विचारतो. पुनर्जन्म मानल्याशिवायही साधना करता येते, असं गुरुजी सांगत. ते उदार होतं, पण या मुलाचा प्रश्न त्याने संपत नाही. त्याला 'तुझा अहंकार आड येतो' म्हणणं हा त्याच्या आजोबांच्या आयुष्याचा अवमान आहे.

मी पाहिलं आहे, एकाच घरात थोरला भाऊ आंबेडकरी चळवळीत आणि धाकटी बहीण धम्मनाग केंद्रात शिबिरं करणारी. तो तिला पळपुटी म्हणतो, ती त्याला संतापी म्हणते. घरात तसबीर मात्र एकच. यांच्यात संवाद घडवायला तुमच्याइतकं योग्य कोण आहे? त्यासाठी प्रवचनाला जोडून एखाद्या मोकळ्या दिवशी, मौनाबाहेर, या आक्षेपांवर उघड चर्चा ठेवता येईल. आक्षेप घेणाऱ्यांनाच बोलायला बोलवा.

टीकाकारांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, ते या पत्रातच सांगते म्हणजे माझी बाजू एकेरी वाटणार नाही. दहा दिवस मौन म्हटलं की लगेच 'ब्रेनवॉश' म्हणणं आळशीपणाचं आहे. ज्या कैद्याला, ज्या दारू सोडलेल्या माणसाला या साधनेने उभं केलं, त्याचं सांगणंही पुरावाच आहे. त्याची टर उडवून कुणाचा विवेकवाद मोठा होत नाही. पण टीकाकार चुकले म्हणून आपलं ओझं हलकं होत नाही, कारण दार आपल्या हातात आहे आणि आत येणारा माणूस आपल्या भरवशावर येतो.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. शिबिरात ज्यांना गंभीर त्रास झाला त्यांची नोंद प्रत्येक केंद्राने लेखी ठेवावी, नावं गुप्त राखून वर्षाला एकदा ती एकत्र करावी आणि प्रसिद्ध करावी. शिबिर संपल्यावर महिन्याभराने प्रत्येक नव्या साधकाला फोन जावा. चौथ्या-पाचव्या दिवशी सामान उचलून निघून गेलेल्यांना तर जरूर जावा, कारण आपल्या हिशेबात आज ते कुठेच नसतात, आणि कदाचित सर्वांत जास्त माहिती त्यांच्याचकडे असेल. अर्जासोबत साध्या मराठीत लिहिलेला एक कागद असावा: बहुतेकांना काय होतं, काहींना काय होऊ शकतं, आणि तसं झालं तर शिबिर सोडणं हा पराभव नाही. विपश्यना विशोधन विन्यास १९८५पासून संशोधन करतो आहे, त्याने परंपरेबाहेरच्या मनोविकारतज्ज्ञांना केंद्रांची दारं उघडून द्यावीत आणि निष्कर्ष काय येईल याची अट घालू नये.

शेवटची मागणी मुलांविषयी आहे. आपल्या राज्यात 'मित्र उपक्रमा'तून शाळांमध्ये आनापान शिकवलं जातं. आनापान मुलांना आवडतं, त्यांचा दंगा शमतो, असं शिक्षक सांगतात आणि मला ते पटतंही. पण ब्रिटनमध्ये 'मिरियड' या मोठ्या चाचणीत आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलं घेऊन त्यांतल्या काहींना सजगता-ध्यान शिकवून पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झालेला दिसला नाही. ती पद्धत वेगळी, मुलं वेगळी, हे खरं. तरी तिथे निदान मोजलं गेलं. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आनापानाच्या पहिल्या तासाआधी प्रत्येक पालकाच्या हाती काय शिकवणार, किती मिनिटं, मूल नको म्हणालं तर काय, हे सांगणारा कागद पडावा, आणि वर्षाच्या शेवटी मुलांना खासगीत विचारलं जावं की डोळे मिटल्यावर त्यांना काय होतं. त्या कागदाचा मसुदा करायला आणि मुलांशी बोलायला मी आणि माझ्या ओळखीचे काही जुने साधक वेळ द्यायला तयार आहोत. कुठे आणि कधी यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक जुनी साधिका